एक जोडी बूट, सहा तक्रारी

मित्राने ऑर्डर देऊन करून घेतलेले चामड्याचे बूट घरी आले, आठवडाभर वापरून झाले आणि त्याने बनवणाऱ्याला सहा तक्रारींचं पत्र धाडलं. डाव्या बुटावर चवड्याशी जाड, फुगीर सुरकुत्या पडल्यात. दोन बुटांच्या रंगात फरक आहे. चालताना टाच आतल्या आत वर सरकते. उजव्या पायाची करंगळी चेपते. पुढच्या टोपीची शिवण दोन्ही बुटांवर एकाच अंतरावर नाही, शिवाय एका ठिकाणी सुईची दोन भोकं नुसतीच उघडी आहेत. आणि घोट्याच्या वर चामड्यात शिरेसारखी रेघ दिसते.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. चामडं नैसर्गिक असतं, काम हाताचं आहे, तेव्हा एवढा फरक राहायचाच. मित्र उखडला. "नैसर्गिक म्हटलं की काहीही खपवायचं का रे?" म्हणत त्याने जोडी माझ्यापुढे ठेवली. जुन्या बुटांना नवा सोल बसवण्याचं काम मी करतो. त्यामुळे माझ्याकडे येतात ते झिजलेले, उसवलेले, भिजून कडक झालेले बूट. कुठली खोट पुढे त्रास देते आणि कुठली फक्त नवेपणी डोळ्यांत खुपते, याचा अंदाज त्यातूनच येतो. इथे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं, पण कुणाचं कुठलं अर्धं, हे बूट हातात घेतल्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं.

ऑर्डरचा कागद

बुटांच्या आधी मी कागद मागितला. मित्राच्या डोक्यात होतं की बूट त्याच्या पायाबरहुकूम घडवून येणार. प्रत्यक्षात ऑर्डर होती तयार फर्म्यावरची. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. चामडं त्यावर ओढून बूट घडवतात, आणि बुटाची लांबी, रुंदी, वरची उंची सगळं त्या ठोकळ्यावरून ठरतं. ऑर्डरचे बूट साधारण तीन तऱ्हांचे. पहिल्या तऱ्हेत फर्मे आणि नंबर बनवणाऱ्याचे ठरलेले असतात. गिऱ्हाइकाने चामडं, रंग, सोल, लेससाठी भोकं की हूक एवढंच निवडायचं. दुसऱ्या तऱ्हेत जवळच्या नंबरचा फर्मा घेऊन त्यावर हवं तिथे चामड्याचे तुकडे चिकटवून भर घालतात. तिसऱ्या तऱ्हेत तुमच्याच पायाचा वेगळा फर्मा तयार होतो, आणि बूट पुरा होण्याआधी कच्चा बूट पायात घालून बघितला जातो. जाहिरातीत या तिन्ही तऱ्हा एकाच थाटात मांडलेल्या असतात, त्यामुळे पहिलीचे पैसे भरणाऱ्याला आपण तिसरी घेतोय असं वाटत राहतं.

कागदावर होतं ते एवढंच: साडेआठ नंबर, मध्यम रुंदी, तेल-मेण मुरवलेलं तपकिरी फुल-ग्रेन चामडं, जाडी सुमारे २ मिमी, पुढे टोपी, वेल्टचं बांधकाम (म्हणजे सोल कडेच्या चामडी पट्टीला शिवलेला), रबरी सोल. साडेआठ हा नंबर त्याने आपल्या धावायच्या बुटांवर वाचून दिला होता. सोबत डाव्या पायाची कागदावर काढलेली बाह्यरेषा. उजव्या पायाचा कुठे उल्लेखही नाही.

टेबलावर

बूट पायात घालण्याआधी सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टाच पूर्ण टेकते का, बूट डुलतो का, पुढची टोकं सारखीच उचललेली आहेत का, मागची शिवण सरळ उभी आहे का, हे एका नजरेत कळतं. सगळं ठीक होतं. टाचेच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबल्या. आतला कडक भाग, काउंटर, दाब सोडताच जागेवर आला. मग एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून बूट वाकवला. तो चवड्याशी वाकला, हवं होतं तेच. टाच आणि चवडा यांच्या मधल्या भागात दुमडला असता तर आतली आधाराची पट्टी, म्हणजे शँक, कमजोर आहे किंवा घातलेलीच नाही असं समजायचं. शेवटी आत हात घालून बोटं फिरवली. अस्तराला घडी नाही, टाचेत खिळ्याचं टोक लागत नाही. ही तपासणी कुणालाही करता येते आणि नवे बूट आल्या दिवशीच करावी, कारण एकदा रस्त्यावर चाललात की परत घेणारा हात आखडता घेतो.

टोपीची शिवण पट्टीने मोजली. टोकापासूनच्या अंतरात दोन बुटांमध्ये दीड मिलिमीटरचा फरक. अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा चामडी भाग, फर्म्यावर पकडीने ओढून बसवतात तेव्हा प्रत्येक तुकडा थोडा वेगळा ताणला जातो; एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. चार-पाच मिलिमीटर असते, किंवा टोपी तिरकी बसली असती, तर मीच परत पाठव म्हटलं असतं. उघडी भोकं म्हणजे टाका चुकला, उसवला आणि पुन्हा घातला. चामड्यात सुई गेली की भोक बुजत नाही. ही दोन भोकं टोपीच्या कडेला, बूट वाकत नाही अशा जागी होती. हीच चवड्यावर ओळीने असती तर चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं तिथूनच फाटलं असतं. इंचात जितके जास्त टाके तितकं काम उंची, हा समज जाड चामड्याच्या बुटांना लावू नये, तोही याच कारणाने. या जोडीवर इंचाला नऊ टाके होते आणि ओळ सरळ होती. २ मिमीच्या चामड्याला ते पुरेसे.

चामडं

घोट्यावरची रेघ आधी निकालात काढली. फुल-ग्रेन चामड्याचा केसांकडचा थर घासून काढलेला नसतो, म्हणून जनावराच्या अंगावरचे ओरखडे, किड्यांचे चावे, शिरांच्या खुणा, मानेच्या वळ्या त्यावर तशाच राहतात. नखाने चाचपून बघितलं, चिरलेलं नव्हतं. अजिबात खुणा नकोत अशी ज्याची अट असेल त्याने वरचा थर घासून रंगाचा लेप दिलेलं चामडं घ्यावं. ते नवं असताना फार देखणं दिसतं. पण वाकणाऱ्या जागी लेप तडकला की कुठल्याच पॉलिशने ते झाकत नाही. असे बूट माझ्याकडे येतात तेव्हा सोल नवा बसतो आणि वरचं रूप मात्र गेलेलं ते गेलेलंच.

रंगाचा फरक खरा होता. डाव्याचा पुढचा भाग फिका, राखाडी झाक असलेला. पण हे चामडं तेल-मेण भरपूर मुरवलेलं, ज्याला पुल-अप म्हणतात. शिकागोच्या हॉरवीन टॅनरीचं क्रोमएक्सेल हे त्या जातीतलं एक नावाजलेलं उदाहरण. असं चामडं ताणलं किंवा वाकवलं की आतलं तेल बाजूला सरकतं आणि तेवढी जागा फिकी पडते. मी डाव्या बुटाचा फिका भाग तळहाताने जोर देऊन चोळला. ऊब लागली तशी राखाडी झाक गेली आणि कडेपासून आत रंग गडद होत आला. रंगाई कमी-जास्त झाली असती तर चोळून फरक पडला नसता. तक्रार रद्द.

आता सुरकुत्या. इथे मात्र मी थांबलो. चामड्याचा वरचा थर बारीक आणि घट्ट विणीचा, खालचा जाड तंतूंच्या गुंत्याचा. जनावराच्या पाठीकडे आणि पुठ्ठ्याकडे हा गुंता दाट असतो; पोटाकडे, काखेत, जांघेत तो विरळ होत जातो. जिथे खालचा थर विरळ, तिथे वरचा त्याला नीट धरून राहत नाही. असं चामडं वाकवलं की केसाएवढ्या बारीक रेषा पडण्याऐवजी वरचा थर फुगून वर येतो आणि नळीसारखी घडी बनते. कापण्याआधी हे ओळखायची रीत साधी आहे: वरची बाजू आत घेऊन चामडं बोटावर दुमडायचं आणि सुरकुती बघायची.

तयार बुटावर मी अंगठा सुरकुतीच्या थोडा मागे टेकवून चामडं पुढे ढकललं. उजव्या बुटावर बारीक रेषांची जाळी उमटली आणि हात काढताच जवळजवळ नाहीशी झाली. डाव्यावर आतल्या बाजूला, अंगठ्याकडे, तसंच. पण करंगळीच्या बाजूला दोन ठसठशीत घड्या वर आल्या, आणि अंगठ्याखाली वरचा थर खालच्यावर किंचित घसरतोय हे स्पष्ट जाणवलं. अंगठा काढला तरी घड्या राहिल्या. एकाच तुकड्याची एक कड घट्ट आणि दुसरी सैल, म्हणजे साचा ठेवताना तो पोटाकडच्या भागात उतरला होता.

चामडं नैसर्गिक असतं हे बनवणाऱ्याचं म्हणणं खरं, पण ते नीट निवडून कापणं हेच कापणाऱ्याचं काम. एका कातड्यात घट्ट भाग मर्यादित असतो. त्यातून आधी दोन्ही बुटांचे चवड्याचे तुकडे काढायचे, मग टाचेचे, आणि उरलेल्यात जीभ, आतल्या पट्ट्या बसवायच्या. हेच सैल चामडं जिभेला लावलं असतं तर मी एक अक्षर बोललो नसतो; जीभ मऊ असलेलीच बरी. घोट्याच्या आतल्या बाजूलाही चाललं असतं. चवड्यावर नाही, कारण बूट प्रत्येक पावलाला तिथेच वाकतो.

यामुळे बूट लवकर फाटेल का? तसं मी म्हणणार नाही. असे बूट वर्षानुवर्षं चाललेले बघितले आहेत. पण सैल बाजू जास्त ताणते, म्हणजे डावा बूट उजव्यापेक्षा पसरणार. घडी खोल असल्याने त्यात धूळ बसते, तिथलं तेल आधी सुकतं, आणि तडा गेला तर पहिल्यांदा तिथेच जातो. क्रीम किंवा तेल चोपडून सैल चामडं घट्ट होत नाही. जास्त तेलाने ते आणखी ढिलं पडतं, म्हणून मित्राला डबी बंद करायला लावली.

पाय

करंगळीसाठी बूट बाजूला ठेवून पायच मोजले. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात; उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन; बुटात घालायचे तेच मोजे घालून. डावा २६६ मिमी, उजवा २७० मिमी. इंग्लिश नंबरात एका नंबराची पायरी एक तृतीयांश इंचाची, ८.४६ मिमीची, म्हणजे अर्धा नंबर साधारण ४.२ मिमी. मित्राच्या दोन पायांत जवळपास अर्ध्या नंबराचा फरक होता आणि ऑर्डर गेली होती लहान पायाची. युरोपातल्या नंबरांची पायरी वेगळी, ६.६७ मिमीची. शिवाय धावायच्या बुटावर छापलेला नंबर हा त्या बुटाच्या फर्म्याचा. कापडी, फोमच्या बुटात पाय सामावून जातो, चामड्याच्या बुटात तो अडतो. म्हणून बनवणाऱ्याला नंबर सांगण्यापेक्षा दोन्ही पायांची मिलिमीटरमधली लांबी आणि चवड्याचा घेर सांगणं कधीही चांगलं.

लांबीइतकंच टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात केलेलं पाय मोजायचं धातूचं उपकरण अनेक दुकानांत दिसतं, त्यावरही टोकापर्यंतची लांबी, सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तीन मापं घेतात. मित्राचा सांधा बुटाच्या सर्वांत रुंद जागी बरोबर बसत होता. अडचण फक्त उजव्या चवड्याच्या रुंदीची होती. त्यात डावा बूट सैल चामड्यामुळे आठवडाभरात पसरलेला, त्यामुळे उजवा आणखीच आवळ वाटायचा. उजवा बूट कागदाला धरून अगदी बरोबर होता. बिघाड कागदात होता, हे मित्राला जरा जड गेलं.

टाच सरकण्याचं वेगळं. मोज्यावर बुटाच्या वरच्या कडेशी खडूने खूण केली आणि त्याला खोलीभर चालवलं. खूण पाचेक मिलिमीटर वर येत होती. नवा जाड सोल वाकत नाही, पाऊल वाकतं, म्हणून टाच उचलली जाते. सोल चवड्याशी वाकायला लागला की हे कमी होतं. लेसच्या दोन्ही कडांमध्ये दोनेक सेंटिमीटरचं अंतर होतं आणि वरपासून खालपर्यंत सारखं होतं. नव्या बुटातच या कडा एकमेकींना भिडल्या असत्या तर चामडं पसरल्यावर आवळायला जागाच उरली नसती, आणि तेव्हा टाचेचं सरकणं मी फर्म्याच्या माथी मारलं असतं. इथे थांबून बघणं एवढंच काम होतं.

सोलच्या आत

एका गोष्टीबद्दल मित्राची तक्रारच नव्हती, कारण ती त्याला माहीतच नव्हती. बनवणाऱ्याने काम चालू असतानाचे काही फोटो पाठवले होते. एकात बूट उलटा, सोल लागायचा होता, आणि इनसोलच्या, म्हणजे पायाखाली येणाऱ्या आतल्या तळाच्या, कडेने फिकट रंगाची कापडी पट्टी उभी दिसत होती.

वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी. ती आत अप्परला आणि इनसोलला शिवतात, मग बाहेरून सोल तिला शिवतात. सोल झिजला की वरच्या भागाला हात न लावता बदलता येतो. हाताने वेल्ट शिवताना चार-पाच मिलिमीटर जाडीच्या इनसोलमध्येच रापीने कड कोरून काढतात आणि आरीने भोक पाडत मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. यंत्रावरच्या वेल्टमध्ये, ज्याला १८७० च्या दशकात मार्गी लावणाऱ्या धाकट्या चार्ल्स गुडइयरचं नाव आहे, कोरलेल्या कडेऐवजी आता बहुधा कापडी पट्टी इनसोलला चिकटवतात आणि टाका तिच्यातून जातो. आतला सगळा भार त्या चिकटवणीवर. याच्याही आधीची, लायमन ब्लेकच्या १८५८ च्या पेटंटची रीत वेल्टशिवायची: इनसोल, अप्पर आणि सोल यांतून थेट एकच टाका. तो टाका आत हात घातल्यावर इनसोलवर बोटांना लागतो. वेल्टचा टाका मात्र आतून लागत नाही. वेल्ट हाताचा की यंत्राचा, हे तयार बुटावरून खात्रीने सांगणं मलाही कठीण जातं. म्हणूनच सोल लागण्याआधीचा फोटो मागावा.

मित्राने जाहिरातीत आरी घेऊन शिवणारा माणूस बघितला होता आणि ऑर्डरमध्ये लिहिलं होतं नुसतं "वेल्ट". यात फसवणूक म्हणता येईल असं काही नव्हतं. यंत्राचा वेल्टही भक्कम असतो. टाचेचे थरही मी बघून घेतले: कडेला तंतूंच्या आडव्या रेषा दिसत होत्या, म्हणजे खरं चामडं, चुऱ्याचा दाबलेला पुठ्ठा असता तर कड एकसारखी, बिनरेषेची दिसली असती.

काय मागायचं

मित्राला सगळे पैसे परत हवे होते. मी म्हटलं, सहा तक्रारी घेऊन गेलास तर पाच खोडून काढल्या की सहावीही त्यांच्याबरोबर वाहून जाईल. नव्या पत्रात सुरकुत्यांचीच तक्रार ठेवली. बूट पायात घालून, दोन्ही चवडे सारखेच वाकवून, बाजूने उजेड घेऊन एकाच चौकटीत फोटो काढला. सैल जागा नेमकी लिहिली: डावा बूट, बाहेरची बाजू, करंगळीच्या सांध्यावर. करंगळीचा विषय तक्रार म्हणून नाही, जादा काम म्हणून वेगळ्या परिच्छेदात घातला.

या वेळी उत्तर सविस्तर आलं. चवड्याचा तुकडा चुकीच्या जागेतून कापला गेल्याचं त्यांनी मान्य केलं आणि दोन पर्याय दिले: थोडे पैसे परत घेऊन बूट ठेवून घ्या, किंवा जोडी नव्याने करून देतो. नुसता डावा का नाही? चवड्याचा तुकडा बदलायचा तर सोल, वेल्ट, अप्पर सगळं उसवावं लागतं, म्हणजे बूट नवाच झाला. आणि दुसऱ्या कातड्यातला डावा पहिल्या उजव्याशी रंगाने, सुरकुतीने जुळत नाही. मी असतो तर पैसे थोडे परत घेऊन तेच बूट घातले असते. चवड्यावरची घडी मला सोसते, आवळ उजवा बूट फर्म्यावर चढवून थोडा सैल करता येतो. मित्राला मात्र दर वेळी लेस बांधताना तीच घडी दिसणार होती, आणि बूट त्याने हौसेने घेतले होते. त्याने नवी जोडी मागितली. उजव्या फर्म्यावर करंगळीपाशी भर घालायची मजुरी त्याने भरली, आणि ती त्यानेच भरायला हवी होती.

दुसऱ्या कागदावर दोन्ही पायांच्या बाह्यरेषा, लांबी, चवड्याचे आणि पायाच्या उंचवट्याचे घेर गेले, मोजे जाड की पातळ हे गेलं, आणि एक ओळ: दोन्ही चवड्यांचे तुकडे एकाच कातड्याच्या पाठीकडच्या भागातून, कापण्याआधी दुमडून बघून. हाताने वेल्ट करायचे किती जादा पडतील हेही विचारलं. आकडा ऐकून मित्राने यंत्राचाच ठेवला.

नवी जोडी आली तेव्हा टोपीच्या शिवणीत एक मिलिमीटरचा फरक या खेपेलाही होता, या वेळी उजवीकडे जास्त. घोट्यावर मानेच्या वळीची फिकट खूण होती. दोन्ही चवड्यांवर बारीक, सारख्या रेषा. करंगळी मोकळी. टाच पहिल्या जोडीसारखीच सरकत होती आणि काही आठवड्यांत सोल वाकायला लागल्यावर सरकणं कमी झालं, पुरतं थांबलं नाही. आतली कापडी पट्टी अर्थातच तशीच आहे. सोल पहिल्यांदा बदलायला येईल तेव्हा ती इनसोलपासून कुठे सुटली आहे का ते आधी बघावं लागेल. सुटली असेल तर नवा सोल लावण्याआधी ती पुन्हा पक्की बसवावी लागते. हे न बघता वरून सोल शिवला तर बूट बाहेरून नवा आणि आतून डळमळीत राहतो. मित्राला सांगून ठेवलंय की दुसऱ्या कुणाकडे काम दिलंस तरी बूट उघडा असताना तेवढा एक फोटो मागून घे.